आधी काकू, मग मी

१२ जानेवारी

लाडके खारू,

तुला अनेक आशीर्वाद, तुझ्या यजमानांना नमस्कार, बुटकीला पापा. ती आता मोठी झाली, पापा घेऊ देत नसेल तर लांबूनच हात हलव माझ्या नावाने. आम्ही तिघी खुशाल आहोत. परवा तुझा फोन आला होता खरा, पण फोनवर तुझ्या मागे कुकर, टीव्ही आणि बुटकी असे तिघे एकदम बोलत असतात, आणि मला जे सांगायचं असतं ते घशातच राहतं. म्हणून हे पत्र. आत्ता वेळ नसला तर उशीखाली ठेव आणि रविवारी वाच.

बातमी अशी की आमची परीक्षा झाली, आणि आम्ही ती अशी दिली की ज्याचं नाव ते!

या वयात कसली परीक्षा म्हणशील. तू हे घर पाहिलेलं नाहीस, म्हणून आधीपासून सांगते. इस्पितळातून सुटलेल्या, पण एकटीने राहायचं म्हटलं की गडबडणाऱ्या बायकांसाठी संस्थेने ही जागा भाड्याने घेतली आहे. दुसरा मजला, दोन खोल्या, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान. दिवसभर खालून हवा भरल्याचा फुस्स फुस्स आवाज येतो, त्याची आता सवय झाली. आम्ही तिघी इथे राहतो. काकूंनी सगळं आयुष्य एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काढलंय. अजूनही तिघींचा भात लावताना त्यांचा हात पलटणीचा भात घेतो. पण त्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाहीत. बाहेर जमीनच नाही असं त्यांना वाटतं. दुसरी आमची शिंपीण. बाजारहाट, दळण, रॉकेल, भाजीवाल्याशी हुज्जत, सगळं तिच्याकडे. तिला साहेब ऐकू येतात. साहेब म्हणजे कोणी नाहीत, फक्त तिलाच ऐकू येतात. पूर्वी ते तिला दमदाटी करायचे, आता तीच त्यांना उभं-आडवं झापते. रस्त्यात झापते, एवढीच पंचाईत. आणि तिसरी मी. ग्रंथालयात पुस्तकं जागच्या जागी लावायचे, इथे गोळ्या लावते. तिघींच्या गोळ्या, कुलपं, बिलं, कोणाची कधी डॉक्टरकडे पाळी, ते माझ्याकडे. मी समोर बसून माझी गोळी घेतल्याशिवाय शिंपीण तिची घेत नाही. शिंपीण म्हणते, आपण तिघी मिळून एक धड बाई होतो. ती बाई जरा भांडकुदळ आहे, पण चांगली आहे गं.

आणि टकटक. संस्थेची मुलगी, रोज सकाळी येते. तिच्याकडे किल्ली असते, पण ती कधी किल्लीने दार उघडत नाही. टकटक करते आणि आमच्यापैकी कोणी उघडेपर्यंत बाहेर उभी राहते. एकदा आम्ही तिघीही अंथरुणातून उठलोच नाही, तर दुपारपर्यंत पायरीवर बसून होती. आत आली की खुर्चीवर बसते आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवते. का, तर चुकूनसुद्धा आमचं काम तिच्या हातून होऊ नये! काकूंना पहिल्यांदा गॅस पेटवायचा होता तेव्हा त्या ढसाढसा रडत होत्या, आणि ही बया हातांवर बसून म्हणत होती, "रडा काकू, पण रडता रडता काडी ओढा." मला तेव्हा तिचा इतका राग आला होता! आता वाटतं, तिलाच किती जड गेलं असेल.

तर परीक्षा. संस्थेच्या वरच्या ऑफिसातून दोघं आमचं घर बघायला यायचे होते. टकटकने आठवडाभर आधी बजावलं, "जसं आहे तसं असू द्या. मुद्दाम काही करू नका." आता तूच सांग, कोणी 'काही करू नका' म्हटलं म्हणून कुठल्या घरात काही करत नाहीत? आम्हाला वाटलं, म्हणायची रीत म्हणून म्हणते आहे. काकूंना धसका, घर गबाळं दिसलं तर बंदच करतील. झालं! आम्ही कंबर कसली. पडदे धुतले, डबे घासले. शिंपिणीने साहेबांना आदल्या दिवशीच सांगून टाकलं की उद्या तुम्हाला सुट्टी. आणि तरी ते आलेच तर उत्तर द्यायला नको, म्हणून सगळा वेळ ओठांत दोरा धरून शिवत बसली. आल्या-गेल्यांना वाटावं, काय शांत बाई आहे! मला हसू आवरत नव्हतं.

एक चष्मेवाले होते आणि एक फाईलवाली. दोघंही भली माणसं. त्यांना आम्ही जेवायलाच ठेवून घेतलं. आता आमच्याकडे पानावर बसलं की आधी काकू घास घेतात, मग मी. वडीलधाऱ्या आहेत ना त्या. पण त्या दिवशी काकू वाढत होत्या, आणि चष्मेवाले म्हणाले, "अहो तुम्हीही घ्या की." सगळे माझ्याकडे बघत होते. मी घेतलं. भात घेतला, भाजी घेतली, वर पुन्हा मागितली! नंतर माझं पोट जरा बिघडलं, पण ते तुझ्याकडे असतानाही बिघडायचं, तुला माहीतच आहे.

कमाल केली ती काकूंनी. पाहुणे निघाले तर त्या शिंपिणीचा दंड धरून जिना उतरून थेट रस्त्यापर्यंत पोहोचवायला गेल्या. "पुन्हा या," म्हणाल्या. हसून! शिंपिणीच्या दंडावर त्यांची पाचही बोटं अजून उमटलेली आहेत. मंडळी वळणाआड गेल्यावर काकू फुटपाथवर बसल्या त्या बसल्याच. त्यांना एकेक पायरी मागे सरकवत वर आणता आणता दुपार गेली.

पण झालं. पार पडलं. टकटकही त्यांच्याबरोबर होती, जाताना चेहरा उतरलेला होता तिचा. दमली असेल बिचारी.

तुझी (पास झालेली),
ताई


३ फेब्रुवारी

प्रिय खारू,

आशीर्वाद. बुटकीचा खोकला गेला का? तिला गरम पाणी पीत जा म्हणावं.

मागच्या पत्रातली फुशारकी परत घेते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते आम्ही करून बसलो. निकाल आला. आम्ही तिघी 'आपल्या पायावर उभ्या' आहोत असं ठरलं, अभिनंदनाचं पत्रसुद्धा आलं. महिनाअखेर जागा रिकामी करायची आणि आपापल्या माणसांत जायचं. टकटकचं येणंही तेव्हापासून बंद, तिला दुसरी घरं दिली.

टकटकने हे दारात उभं राहून सांगितलं. मग आत आली आणि एवढंच म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, जसं आहे तसं." शिंपीण तिच्यावर ओरडली, नीट का नाही सांगितलंस, बंद पडायची भीती होती म्हणून आम्ही जिवाचं रान केलं! ती म्हणाली, "नीटच सांगितलं होतं." आणि खरंच, तिने नीटच सांगितलं होतं.

मग आम्ही ऑफिसात गेलो. मी आणि शिंपीण. काकूंना बाहेर पडता येत नाही, हेच तर सांगायचं होतं, आणि ते सांगायला काकूंना बाहेर पडता येत नव्हतं! चष्मेवाल्यांनी आम्हाला बसवलं, चहा मागवला. मी म्हटलं, "आम्ही त्या दिवशी तुम्हाला फसवलं." ते हसले. म्हणाले, "बाहेर पडायच्या वेळी सगळ्यांचाच धीर सुटतो, ताई. नैसर्गिक आहे."

"काकू घराबाहेर पडत नाहीत."

"अहो, त्या आम्हाला खाली रस्त्यापर्यंत सोडायला आल्या होत्या!"

शिंपीण उठून उभीच राहिली. "साहेब आत्ता इथे आहेत. तुमच्या खुर्चीमागे आहेत. काय म्हणतायत सांगू?" तर चष्मेवाले म्हणतात, "विनोदबुद्धी शाबूत आहे, हे फार चांगलं लक्षण." खारू, शिंपीण परत खाली बसली.

मग मी बोलले. जे तुला कधी सांगितलं नाही ते परक्या माणसांना सांगितलं. पोटाचं नव्हतं गं ते. माझं पोट ठणठणीत आहे. माझ्या अन्नात काहीतरी घातलेलं असतं. घातलेलं वाटतं असं लिहायला हवं, डॉक्टरही तसंच म्हणायला शिकवतात. पण ताट समोर आलं की वाटत नाही, माहीत असतं. गोळ्यांनी माझं बाकी सगळं गेलं, हे गेलं नाही. काकू आधी घास घेतात, मी बघते, त्या गिळतात, दुसरा घेतात, मग मी जेवते. काकूंनी कधी विचारलं नाही, का बघतेस म्हणून. आणि त्या दिवशी पाहुण्यांसमोर जेवले, ते सगळं नंतर मोरीत ओकले, तोंडात बोटं घालून.

फाईलवालीला कळवळा आला. म्हणाली, "पित्त झालं असेल हो. माझंही होतं. पण जेवलात ना आमच्यासमोर? मग जमतंय तुम्हाला."

त्यांना वाईट म्हणू नकोस. चष्मेवाले म्हणाले, इस्पितळात अजून कितीतरी बायका खाटेवर पडून आहेत, त्यांना ही जागा द्यायला नको का? मी त्याच खाटेवरून इथे आले. टकटक त्यांच्याशी भांडली, तर तिला म्हणाले, तुमचा जीव गुंतलाय, तुम्हाला आता नीट दिसत नाही.

आता आम्ही खोली शोधतोय, तिघींसाठी एक. टकटक तिच्या सुट्टीच्या दिवशी बरोबर येते. एका घरमालकाशी जवळजवळ ठरत आलं होतं. त्याने विचारलं, "तुम्ही एकमेकींच्या कोण?" मी काही म्हणायच्या आत शिंपीण म्हणाली, "सवती." त्याने दार लावून घेतलं. जिन्यात आम्ही पोट धरधरून हसलो, आणि रस्त्यावर आल्यावर दोघींच्या लक्षात आलं की शेवटचा पत्ता तोच होता.

ऑफिसात नातेवाइकाचं नाव विचारलं, मी तुझं दिलं. तू मनाला लावून घेऊ नकोस, दुसरं नावच नाही म्हणून दिलं. तू काही करायला हवंस असं मुळीच नाही.

तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी

प्रिय खारू,

तुझा फोन ठेवला आणि भिंतीला टेकून बसले ती बराच वेळ उठले नाही. तू म्हणालीस, "ताई, एवढंच ना? मी आधी घास घेईन. एक काय, दहा घेईन! तू ये." बुटकीने तिची खोली मला द्यायचं कबूल केलंय, यजमान म्हणाले महिनाअखेरच्या रविवारी आपण स्वतः जाऊन घेऊन येऊ. इतक्या वर्षांनी तुझ्या मागे कुकर नव्हता, टीव्ही नव्हता. तू सगळं बंद करून माझ्याशी बोलत होतीस, ते मला कळलं. मी 'हो' म्हटलं. कोणीही हो म्हटलं असतं.

पण आज काकूंचं लिहायचंय.

काकू गेल्या. त्यांचा पुतण्या आला होता. चांगला आहे मुलगा, गाडी घेऊन आला, काकूंसाठी नवी शालसुद्धा आणली. काकू उंबऱ्यापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. तो म्हणाला, "काकू, ऑफिसवाले म्हणाले तुम्ही रस्त्यापर्यंत जाता." काकूंनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी त्याने आणि ड्रायव्हरने त्यांना खुर्चीसकट उचललं. त्या ओरडल्या नाहीत. डोळे मिटून, दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसल्या होत्या, आणि जिन्याच्या वळणावर खुर्ची कठड्याला आपटली तेव्हा फक्त "सांभाळून रे" म्हणाल्या. सायकलवाल्याच्या दुकानातली माणसं काम थांबवून बघत होती. पुतण्याने फोन केला होता नंतर. काकू त्याच्याकडे एका खोलीत बसून असतात, स्वयंपाकघर त्या खोलीपासून अंगण ओलांडून पलीकडे आहे. म्हणजे काकू आता चुलीपाशीही जाऊ शकत नाहीत. त्याला वाटतं, आराम करतायत.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हा दोघींसाठी सगळा दिवस उभं राहून रांधलं. टिकेल असं काय काय केलं, डब्यांत भरलं. आणि मग मला समोर बसवून एकेक डबा उघडला आणि प्रत्येकातला एकेक घास माझ्यादेखत खाल्ला. "बघ," म्हणाल्या, "सगळं उष्टं करून ठेवलंय. आता मी नसले तरी तू खा." डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या चावत होत्या.

खारू, मी त्यातला एक कणही खाऊ शकले नाही.

डबे तसेच राहिले. शिंपीण थोडं खायची, मग तीही खाईना. शेवटी वास सुटला तेव्हा मी ते पिशवीत भरून खाली नेऊन टाकले, आणि पिशवी टाकल्यावर तिथेच उभी राहिले. तेव्हा मला कळलं की आजवर मी काकूंच्या घासावर का जगले. काकूंना भूक लागलेली असायची! सकाळपासून चुलीपाशी उभी राहिलेली बाई पानावर बसली की हावरटासारखी जेवायची. माझ्याकडे तिचं लक्षही नसायचं. ती तिच्यासाठी खायची. त्या दिवशी मात्र पहिल्यांदा त्यांनी माझ्यासाठी खाल्लं, आणि मला दिसायला लागलं की या माझ्यासाठी विष गिळतायत. माझ्यापायी मरायला बसल्यात. मग मी कशी खाऊ?

शिंपिणीनेही करून पाहिलं. पाव आणला, तुकडा मोडला, डोळे घट्ट मिटून तोंडात टाकला आणि म्हणाली, "घे, मेले नाही अजून." मी नाही म्हटलं. ती चिडली, "काकूंचा घास गोड आणि माझा कडू होय गं!" मग स्वतःच रडली.

तिला बायकांच्या एका वसतिगृहात खाट मिळाली आहे. मंगळवारी गेली. तिच्या गोळ्या मी पाकिटांत घालून दिल्या, सकाळची, रात्रीची. समोर बसणारं कोणी नाही म्हटल्यावर ती घेणार नाही, हे तिलाही माहीत आहे. जाताना म्हणाली, "साहेबांना एकदम आनंद झालाय."

घरात मी एकटीच आहे. टकटक काल कामावर नसताना आली. टकटक केली, मी उघडेपर्यंत थांबली. आत येऊन खुर्चीवर बसली नाही. काकूंची भांडी, पडदे, माझे कपडे, सगळं तिनेच खोक्यांत भरलं. मी नुसती बघत होते. तिने मला एकदाही म्हटलं नाही की तू कर.

तुला अजून एक सांगायचं आहे, ते आज लिहवत नाही.

तुझी,
ताई


२७ फेब्रुवारी

माझे खारू,

हे पत्र तुला टकटक देईल. रविवारी तुम्ही गाडी घेऊन घरापाशी याल तेव्हा ती खाली सायकलवाल्यापाशी उभी असेल. वर जाऊ नका. वर आता दुसऱ्या बायका राहायला आल्या असतील, त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांची काही चूक नाही. त्यांनाही हातांवर बसून शिकवणारी कोणी मिळो.

मी इस्पितळात आहे. माझी मी आले. मला कोणी आणलं नाही. दाखल करून घ्या म्हणायला मला फार बोलावंही लागलं नाही. डॉक्टरीणबाईंनी काट्यावर उभं केलं, काटा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "कधीपासून जेवला नाहीत?" ऑफिसात जे सांगून सांगून दमले ते काट्याने न बोलता सांगितलं.

आता मागच्या पत्रात लिहायचं राहिलेलं ते. तुझ्याकडे राहत होते तेव्हा मी जेवत नाही म्हणून तू एकदा मला भरवायला बसलीस, बुटकीला भरवायचीस तशी. "हा बघ मी खाल्ला, आता तू," असं म्हणत. तुला काहीच माहीत नव्हतं, तू आपली लाडाने करत होतीस. मी घास तोंडात धरला आणि मोरीत जाऊन टाकला. आणि मग दिवसभर तुझ्या मागे मागे फिरत राहिले, तुझे ओठ निळे पडतात का ते बघत. तू भांडी घासायला गेलीस तरी मागे, कपडे वाळत घालायला गेलीस तरी मागे. तू म्हणालीस, "ताई, सावलीसारखी काय फिरतेस, जा ना जरा पड." त्या दिवसापासून रोज तू भरवत होतीस आणि रोज मी तुला मरताना बघत होते. शेवटी यजमान म्हणाले, ताईंच्या अशा बघण्याने पोर घाबरते. तुला वाटलं मी त्यांच्या बोलण्याला रागावून गेले. इतकी वर्षं तू तसंच समजून त्यांच्याशी भांडत आलीस, मला माहीत आहे. त्यांच्याशी भांडू नकोस आता. मी त्यांच्यामुळे गेले नाही.

तू फोनवर म्हणालीस, मी दहा घास घेईन. मला ठाऊक आहे, तू घेशील. पोट भरलेलं असलं तरी घेशील, बरं नसलं तरी घेशील, जन्मभर घेशील. तेच मला बघवणार नाही. तुझं प्रेम कमी असतं ना खारू, तर मी आले असते तुझ्याकडे. परक्याच्या घरीसुद्धा मी जेवले असते कदाचित. तुझ्याच घरी मी उपाशी मरेन, आणि तू समोर बसून घास घेत राहशील.

इथे मोठं पातेलं येतं. सगळ्याजणी थाळ्या घेऊन धावतात. भुकेल्या असतात, एकमेकींना ढकलतात, उभ्या उभ्याच खायला लागतात. कोणी कोणासाठी खात नाही. मी सगळ्यांच्या शेवटी उभी राहते. माझी पाळी येईपर्यंत पातेलं खरवडायला आलेलं असतं, करपलेलं मिळतं, कधी नुसतं पाणी. पण मी जेवते. काल जेवले, आज सकाळी जेवले, ओकले नाही.

शिंपीणही इथेच आहे. वसतिगृहातून दोन पोलिसांनी आणलं तिला. पलीकडच्या खोलीत आहे, गुंगीच्या जड गोळ्या दिल्यात, मला ओळखलं नाही. हाका मारल्या तर म्हणाली, "साहेब, झोपू द्या." साहेबांना तिने कधी विनवलेलं मी ऐकलं नव्हतं.

याला बरं होणं म्हणत नाहीत, एवढं मला कळतं. मला घर हवं होतं गं. आतून कडी लावता येते असं. तिथे भांडायला दोघी हव्या होत्या, आणि दार वाजलं की 'आले, आले' म्हणायचं होतं. ते मला मिळालं होतं. कोणी हिसकावून नेलं नाही, आम्हीच ते घासूनपुसून, लख्ख करून लोकांच्या हातात दिलं. इथून पुन्हा तसं घर मिळायला रांग आहे, आणि ज्या एकदा जाऊन आल्या त्या रांगेत मागे. टकटक म्हणते, ती सोडणार नाही. ती तरुण आहे.

तू रडशील आणि मग सरळ इथे यायला निघशील, मी तुला ओळखून आहे. ये. भेटायची वेळ चार ते पाच असते. बुटकीला आणू नकोस, यजमानांना आण. माझ्याजवळ बस, माझे केस विंचरून दे, मला तिकडच्या चार गोष्टी सांग, कोणाकोणाच्या चुगल्या सांग. मी ऐकेन.

फक्त येताना डबा आणू नकोस.

तुझीच,
ताई